हजेरी, नंबर आणि पावाचा तुकडा

परवा आमच्या काउंटरसमोरची रांग जरा लांबली होती. संगणक बंद पडलेला, वर पंखा नावापुरता फिरणारा, माणसं घामाघूम. रांगेतले एक साठीचे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "ह्या देशाक एक हिटलर जाय रे, हिटलर! मागीर सगळे सारके जातले." तिघे-चौघे हसले. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानेही मान डोलावली. मीही हसलो. काउंटरवर बसणारा माणूस असल्या वेळी हसतोच, नाहीतर वाद आपल्या अंगावर येतो.

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, निवडणुकीच्या दिवसांत तर हमखास. हिटलरचं आत्मचरित्र आपल्याकडे रेल्वे स्टेशनच्या बुकस्टॉलवर यशस्वी होण्याच्या मंत्रांच्या पुस्तकांशेजारी ठेवलेलं असतं, याचं परदेशी पाहुण्यांना भयंकर आश्चर्य वाटतं. आपल्याला वाटत नाही. मराठी वाचकाला हिटलर भेटला तो बहुतेक वि. ग. कानिटकरांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त'मधून. पुस्तक उत्तमच आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या मनात भस्मासुरापेक्षा त्याची शिस्तच राहून गेली, असं मला पुष्कळदा वाटतं.

तर ही शिस्त आतून कशी दिसत होती? सेनापती, रणगाडे, भाषणं हे सगळं बाजूला ठेवून, छावणीतल्या एका कैद्याचा एक दिवस कसा जायचा, एवढंच मी गेली काही वर्षं जमेल तसं वाचतो आहे. आणि पेशाने कारकून असल्यामुळे माझी नजर वारंवार एकाच ठिकाणी अडकते. रजिस्टरवर.

आधी एक फरक स्पष्ट केला पाहिजे. तुरुंग म्हटलं की गोव्याच्या माणसाला आग्वाद आठवतो, रेइश मागुश आठवतो. आपल्या स्वातंत्र्यसैनिकांनी तिथे सोसलं, मार खाल्ला, वर्षानुवर्षं काढली. पण तिथे खटला होता, कितीही खोटा असला तरी. शिक्षा होती, तिला वर्षांचा आकडा होता. नाझी छळछावणीत यातलं काहीच नव्हतं. जर्मन भाषेत त्याला 'संरक्षक कोठडी' असं गोड नाव होतं. आरोप नाही, वकील नाही, सुटकेची तारीख नाही. पहिली मोठी छावणी २२ मार्च १९३३ रोजी म्युनिकजवळ दाखाउ इथे उघडली, म्हणजे हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. सुरुवातीचे कैदी होते कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार पुढारी. शेजाऱ्यांना दारावरची पाटी दिसत होती, वर्तमानपत्रात बातमीही आली होती. चोरून काही नव्हतं.

(याच दाखाउत १३ सप्टेंबर १९४४ रोजी नूर इनायत खान हिला गोळी घालण्यात आली. ब्रिटिशांसाठी पॅरिसमधून वायरलेस चालवणारी ही मुलगी बडोद्यात जन्मलेल्या हजरत इनायत खान यांची कन्या. त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव महाराजांच्या काळी बडोद्याच्या गायनशाळेचे प्रमुख होते. बडोद्याची मराठी मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढं विषयांतर.)

आता आउशवित्झ. पोलंडमधली ही छावणी १९४० मध्ये सुरू झाली. १४ जून १९४० रोजी तार्नुव गावाहून पहिली गाडी आली, ७२८ पोलिश राजकीय कैद्यांची. त्यांना नंबर मिळाले ३१ पासून पुढे. मग १ ते ३० कुठे गेले? ते आधीच दिले गेले होते, दुसऱ्या छावणीतून मुद्दाम आणलेल्या तीस जर्मन गुन्हेगारांना. हे तीस जण कैदीच, पण बाकीच्यांवर मुकादम म्हणून नेमलेले. कैद्यांनी कैद्यांना हाकायचं, ही व्यवस्था पहिल्याच पानावर, पहिल्या तीस ओळींत नोंदवलेली आहे.

नवा कैदी आला की कपडे उतरवायचे, अंगावरचे सगळे केस कापायचे, जंतुनाशक चोपडायचं, पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख आणि लाकडी तळाचे जोडे, बहुधा मापाचे नसलेले. मग टेबल. टेबलामागे कारकून, तोही कैदीच. नाव, जन्मतारीख, गाव, धंदा, जवळचा नातेवाईक, दातांत सोनं आहे का. फॉर्म भरला की नंबर. छातीवर रंगीत त्रिकोण: राजकीय कैद्याला लाल, गुन्हेगाराला हिरवा, 'समाजविरोधी' ठरवलेल्याला काळा, समलिंगी पुरुषाला गुलाबी, यहोवाच्या साक्षीदारांना जांभळा. ज्यूंना दोन त्रिकोण मिळून चांदणी. आउशवित्झमध्ये पुढे हा नंबर डाव्या हातावर गोंदवायलाही लागले. इतर कुठल्याही छावणीत गोंदण नव्हतं. कारण ऐकून कारकुनालाही शहारा यावा. माणसं इतक्या वेगाने मरत होती की कपडे काढल्यावर कोणतं प्रेत कोणाचं ते रजिस्टरशी जुळेना.

असे सुमारे ४ लाख कैदी आउशवित्झच्या दप्तरात नोंदले गेले. त्यातले निम्मे मेले. पण छावणीत आणले गेले होते सुमारे १३ लाख. उरलेल्या नऊ लाखांचं काय? त्यांना टेबलापर्यंत नेलंच नाही. गाडीतून उतरल्यावर फलाटावर डॉक्टर उभा असे, तो हाताने डावी-उजवी दाखवी. म्हातारे, आजारी, लहान मुलं आणि त्यांच्या आया थेट वायूच्या कोठड्यांकडे जात. त्यांना नंबर नाही, त्रिकोण नाही, फॉर्म नाही. तेव्हा छावणीचा 'कैदी' होणं हीसुद्धा त्या नरकातली वरची पायरी होती, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

दिवस सुरू व्हायचा उन्हाळ्यात पहाटे साडेचारला, हिवाळ्यात तासभर उशिरा. घंटा वाजली की धावपळ. बिर्केनाउमधल्या लाकडी बराकी मुळात ५२ घोड्यांच्या तबेल्यासाठी आखलेल्या होत्या. त्यांत चारशे आणि कधीकधी त्याहून कितीतरी जास्त माणसं तीन मजली फळ्यांवर झोपत. उठल्यावर पहिलं काम अंथरूण नीट करणं. गवताची गादी फळीसारखी सपाट दिसली पाहिजे, नाहीतर मार. मोरीत पाणी गढूळ आणि जेमतेम, टॉवेल नाही. पण भिंतीवर सुविचार मात्र होते. स्वच्छतेचे! एक ऊ म्हणजे तुझा मृत्यू, असे. आपल्याकडच्या सरकारी इमारतींतल्या सुविचारांची मला हे वाचताना आठवण झाली, आणि मग स्वतःचाच राग आला.

सकाळी खायला काही नाही. अर्धा लिटर काळं कडू पाणी, त्याला कॉफी म्हणायचं. दुपारी पाऊण-एक लिटर सूप, म्हणजे सलगम, बटाट्याचे तुकडे आणि थोडं पीठ. या सुपाचं एक शास्त्रच होतं. पिंपाच्या वरचं पाणी, खाली गाळ. पुढे उभं राहिलं तर पाणी, फार मागे राहिलं तर कदाचित काहीच नाही. कुठे उभं राहायचं आणि वाढणाऱ्याशी ओळख कशी काढायची, यावर माणसाचे आठ दिवस वाढायचे किंवा घटायचे. आणि संध्याकाळी पाव. सुमारे ३०० ग्रॅम काळा, ओलसर पाव, बरोबर चमचाभर मार्गारीन नाहीतर जॅम, कधी सॉसेजची चकती. आपल्या दुकानात मिळणाऱ्या ४०० ग्रॅमच्या ब्रेडच्या पुडक्याचा पाऊण भाग. हा रात्रीसाठी आणि दुसऱ्या सकाळसाठी मिळून. दिवसाला तेराशे ते सतराशे कॅलरी, तेही कागदावर, कारण स्वयंपाकघरापासून बराकीपर्यंत प्रत्येक हात त्यातलं काही काढून घ्यायचा. आणि काम अकरा-अकरा तास, खणणं, ओढणं, सिमेंटच्या गोणी.

पहाटे पोदेराच्या हॉर्नने जागा होणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला पाव म्हणजे काय हे सांगायला नको. तिथे पाव हे चलन होतं. शर्ट इतक्या पावांना, जोडे तितक्या पावांना, सिगरेटचा भाव वेगळा. मिळालेला पाव लगेच खायचा की सकाळसाठी ठेवायचा, यावर कैद्यांत दोन पंथ होते. ठेवला तर चोरीला जाणार, म्हणून उशाशी किंवा अंगाखाली घेऊन झोपायचं, आणि झोप लागणार नाही. लगेच खाणारे म्हणत, पोटातला पाव कोणी चोरू शकत नाही. पाव चोरणाऱ्याला इतर कैदी कधीकधी जिवे मारत. दुसरीकडे मुलीने आईला, भावाने भावाला आपला पाव दिल्याच्या हकिकतीही आहेत. वाटणी होताना दोन तुकड्यांकडे नजर लावून बसलेली माणसं, आपलाच तुकडा लहान वाटणारी... हे जवळजवळ प्रत्येक आठवणीत येतं.

आता हजेरी. माझ्या मते छावणीच्या दिवसाचा कणा हाच. सकाळी कामाला निघताना पाच-पाचांच्या ओळीत फाटकातून बाहेर पडायचं. फाटकाशी कैद्यांचाच बँड मार्चच्या धून वाजवायचा. मला आधी वाटलं, ही क्रूर थट्टा असेल. थट्टा होतीच, पण कारण साधं कारकुनी होतं. पावलं तालात पडली की मोजायला सोपं जातं! बिर्केनाउमध्ये स्त्रियांच्या बँडची प्रमुख होती आल्मा रोझे, संगीतकार गुस्ताव मालर याची भाची, व्हिएन्नाची नावाजलेली व्हायोलिनवादक. एप्रिल १९४४ मध्ये तीही छावणीतच गेली.

संध्याकाळी परतल्यावर पुन्हा ओळी. प्रत्येक बराकीचा कारकून आकडा मांडतो, बराकीचा मुख्य कैदी तो एसएसच्या माणसाला देतो, सगळ्या बराकींची बेरीज होते आणि ती दप्तराशी जुळली पाहिजे. जुळेपर्यंत कोणी हलायचं नाही. पाऊस असो, बर्फ असो. दिवसभरात कामावर जे मेले त्यांना सोबत्यांनी खांद्यावर उचलून आणायचं आणि ओळीच्या टोकाला ठेवायचं. प्रेताचीही हजेरी लागायची! मेलेला माणूस गैरहजर नव्हता, तो 'हजर, मृत' होता. गैरहजर म्हणजे पळालेला. ६ जुलै १९४० रोजी एक पोलिश कैदी पळाला तेव्हा सगळ्या छावणीला सुमारे १९ तास मैदानात उभं ठेवण्यात आलं. आउशवित्झमधला पहिला मृत्यू त्या उभं राहण्यातलाच.

१९४१ च्या जुलैअखेरीस असंच झालं. १४ नंबरच्या बराकीतला एक जण नाहीसा झाला. शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. निवडलेल्यांपैकी एक जण बायकामुलांच्या नावाने रडू लागला तेव्हा ओळीतून एक चष्मेवाला पाद्री पुढे आला आणि म्हणाला की याच्या जागी मी जातो. फादर मॅक्सिमिलियन कोल्बे, नंबर १६६७०. दोन आठवड्यांनी तळघरात जे जिवंत उरले होते त्यांना १४ ऑगस्टला विषारी इंजेक्शन दिलं, त्यात कोल्बे होते. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना हे नाव माहीत असेल, १९८२ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं. त्या सोहळ्याला तो वाचलेला माणूस, फ्रान्सिशेक गायोव्निचेक, हजर होता. तो १९९५ पर्यंत जगला. पण हजेरी घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर काय झालं? दहा पाहिजे होते, दहा मिळाले. एका नंबरच्या जागी दुसरा नंबर. बेरीज जुळली.

रात्री कोणी बराकीत मेला तर शेजारचे कधीकधी ते लगेच सांगत नसत. प्रेताला बाजूला टेकवून ठेवत, पाव वाटून होईपर्यंत. मेलेल्याचा पाव जिवंताला मिळे. ज्या रजिस्टरने माणसाचा नंबर केला, त्याच रजिस्टरला फसवून काढलेला हा एक पाव. यात वाईट काय आणि चांगलं काय, मला सांगता येत नाही.

प्रिमो लेव्ही हा तुरिनचा तरुण केमिस्ट फेब्रुवारी १९४४ मध्ये इथे आला. त्याच्या गाडीत ६५० माणसं होती. त्यातले ९६ पुरुष आणि २९ स्त्रिया 'नोंदल्या' गेल्या, बाकीचे एक-दोन दिवसांत संपले. लेव्हीचा नंबर १७४५१७. त्याला पाठवलं मोनोवित्झला, जिथे आय. जी. फार्बेन ही बलाढ्य रसायन कंपनी कृत्रिम रबराचा कारखाना उभारत होती. कंपनी एसएसला बिल भरायची, साध्या मजुराचे दिवसाला ३ मार्क, कुशल कामगाराचे ४. कैद्याला अर्थातच शून्य. हजारो माणसं खपली, आणि त्या कारखान्यातून कृत्रिम रबर शेवटपर्यंत बाहेर पडलं नाही.

लेव्हीने लिहिलेल्या गोष्टींपैकी मला सगळ्यात जास्त छळते ती चमच्याची. नव्या कैद्याला वाडगा मिळायचा, चमचा नाही. म्हणजे सूप कुत्र्यासारखं चाटून प्यायचं, नाहीतर पाव देऊन काळ्या बाजारात चमचा विकत घ्यायचा. चमचे नसतील, युद्धाचा काळ, असं आपण म्हणू. पण छावणी मोकळी झाली तेव्हा कोठारात हजारो नवे कोरे चमचे सापडले, शिवाय गाडीतून उतरवलेल्यांच्या सामानातून आलेले हजारो. टंचाई नव्हती. माणसाने माणसासारखं जेवू नये, एवढाच त्यात उद्देश होता.

लेव्ही वाचला त्याला अनेक कारणं. एक म्हणजे लोरेन्झो पेरोने नावाचा अर्धशिक्षित इटालियन गवंडी. तो कैदी नव्हता, कारखान्याच्या बांधकामावरचा मजूर. सहा महिने तो रोज आपल्या वाट्यातलं सूप लपवून लेव्हीला देत राहिला, आणि बदल्यात काही घेतलं नाही. पकडला गेला असता तर तोही आतच जाणार होता. लेव्हीने पुढे आपल्या मुलीच्या आणि मुलाच्या नावांत त्याचं नाव गुंफलं.

आता माझ्या जातभाईंकडे येतो, म्हणजे कारकुनांकडे. छावणीत कागद अफाट. कैद्याचं कार्ड, कामाचं कार्ड, दवाखान्याचं कार्ड, आवक, जावक. एसएसची माणसं हे सगळं स्वतः लिहीत नसत, कैद्यांकडून लिहून घेत. जर्मन येणं, अक्षर बरं असणं, टंकलेखन येणं यामुळे छताखाली बसायला मिळायचं आणि जीव वाचायचा. छावणीच्या 'राजकीय विभागा'त मृत्यूची नोंद करणाऱ्या टेबलांवर ज्यू मुली बसवलेल्या होत्या. त्यांनी मृत्यूचं कारण लिहायचं: हृदयक्रिया बंद पडणे, न्यूमोनिया, आतड्याचा दाह. गोळी घातली, उपाशी मारलं, इंजेक्शन दिलं, असा रकाना नव्हता. या मृत्युनोंदींचे ४६ ग्रंथ आज उपलब्ध आहेत, जुलै १९४१ ते डिसेंबर १९४३ पर्यंतचे, जवळजवळ ६९ हजार नावांचे. ते युद्धानंतर मॉस्कोत जाऊन पडले होते आणि सोव्हिएत काळाच्या अखेरीस बाहेर आले. सुबक अक्षरात, सहीशिक्क्यानिशी लिहिलेला एवढा मोठा खोटेपणा क्वचित असेल.

ज्यांना घरी पत्र लिहायची मुभा होती (ज्यूंना बहुतांशी नव्हती), त्यांनी महिन्यातून एक-दोनदा छापील कागदावर, जर्मनमध्येच, ठरावीक ओळी लिहायच्या. त्यात 'माझी तब्येत उत्तम आहे' हे वाक्य असलंच पाहिजे. नसेल तर पत्र जाणार नाही. आईला जर्मन येत नसेल तर ती गावातल्या कोणाकडून तरी वाचून घेणार, आणि वाचणारा सांगणार, मुलगा बरा आहे.

इथे मला माझं एक आठवतं. नोकरीच्या सुरुवातीला एका म्हातारीचा अर्ज मी परत पाठवला होता. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत तिचं नाव एका पद्धतीने, रेशनकार्डावर दुसऱ्या. गोव्यात हे घरोघरी आहे, तुम्हाला माहीतच आहे. मी नियमाप्रमाणे 'नावात तफावत' असा शेरा मारला. ती तीनदा आली आणि चौथ्यांदा आली नाही. हे काही छावणीचं पाप नव्हे, तशी तुलना करणं हा छावणीत मेलेल्यांचा अपमान होईल. पण शेरा मारताना मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, कागदाकडे पाहिलं होतं, हे मात्र खरं.

आणि त्याच टेबलांवरून काहींनी वेगळंही केलं. बुखेनवाल्ड छावणीत ऑयगेन कोगोन हा कैदी एका एसएस डॉक्टरचा कारकून होता. १९४४ च्या शरद ऋतूत फाशी ठरलेल्या तिघा हेरांना त्याने आणि सोबत्यांनी टायफसने मेलेल्यांच्या नावावर चढवलं. त्यातला स्टेफान एसेल कागदोपत्री मेला आणि मिशेल ब्वातेल या मृत फ्रेंच माणसाच्या नावाने जगला. पुढे तो फ्रान्सचा मुत्सद्दी झाला आणि २०१३ मध्ये ९५ व्या वर्षी वारला. ही गोष्ट ऐकायला गोड आहे. पण दुसरीही बाजू वाचली पाहिजे. मरणाच्या कामावर पाठवायच्या यादीतून कारकून एखादा नंबर गाळू शके, मात्र यादीतला आकडा तोच राहिला पाहिजे. म्हणजे गाळलेल्याच्या जागी दुसरा नंबर घालावा लागे. कोणाचा? तो निर्णयही पेन्सिल हातात असलेल्या कैद्यानेच करायचा. वाचलेल्या कारकुनांपैकी कित्येकांनी याबद्दल आयुष्यभर बोलणं टाळलं.

बिर्केनाउमध्ये रोमा, म्हणजे ज्यांना युरोपात जिप्सी म्हणत, त्यांची वेगळी छावणी होती. हे लोक मूळचे आपल्याच उपखंडातून कित्येक शतकांपूर्वी गेलेले. त्यांच्या भाषेत एकला येख, दोनला दुई, पाचला पांझ आणि दहाला देश म्हणतात. सुमारे २३ हजार रोमा इथे आणले, सुमारे २१ हजार मेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेल्या चार हजारांवर माणसांना, त्यात मुलंबाळं, वायूच्या कोठड्यांत नेलं. त्याच्या आधी थोडेच दिवस, तिथला पोलिश कैदी कारकून तादेउश योआखिमोव्स्की याने दोघा सोबत्यांच्या मदतीने या छावणीची मुख्य रजिस्टरं चोरली, कपड्यात गुंडाळली, बादलीत घातली आणि जमिनीत पुरली. जानेवारी १९४९ मध्ये त्याच्याच सांगण्यावरून ती उकरून काढली. कागद भिजलेले, कडा कुजलेल्या, पण सुमारे २१ हजार नावं मिळाली. ज्या माणसांचं दुसरं काहीच उरलं नव्हतं, त्यांची.

रुडॉल्फ व्हर्बा हा एकोणीस वर्षांचा स्लोव्हाक ज्यू, नंबर ४४०७०, बराकीचा कारकून. त्याने रजिस्टर चोरलं नाही, पाठ केलं. कोणत्या गावाहून गाडी आली, किती जणांना नंबर मिळाले, किती जण थेट गेले. पळालेल्यासाठी बाहेरचा पहारा तीन दिवस-तीन रात्री राहतो आणि मग उठतो, हा नियम त्याला माहीत होता. शिस्तीचा कधीकधी उपयोग होतो तो असा. ७ एप्रिल १९४४ रोजी तो आणि आल्फ्रेड वेत्झलर छावणीच्या बाहेरच्या भागात रचलेल्या लाकडांच्या ढिगात शिरले. कुत्र्यांना वास लागू नये म्हणून पेट्रोलमध्ये भिजवून वाळवलेली तंबाखू भोवती पसरलेली. १० तारखेच्या रात्री पहारा उठला आणि ते निघाले. एप्रिलअखेर स्लोव्हाकियात त्यांनी सांगितलेला अहवाल टंकलिखित झाला, गाड्या, तारखा, आकडे, नकाशे. तो स्वित्झर्लंडच्या वर्तमानपत्रांपर्यंत जाईतो जून उजाडला. हंगेरीतून रोज गाड्या सुटतच होत्या, आठ आठवड्यांत ४ लाख ३० हजारांहून अधिक माणसं गेली. जुलैच्या सुरुवातीला बाहेरच्या दबावामुळे हंगेरीने गाड्या थांबवल्या, म्हणून बुडापेस्टचे सुमारे दोन लाख ज्यू त्या वेळी वाचले. अहवाल लवकर का पसरला नाही, यावर व्हर्बा मरेपर्यंत संतापलेला होता.

आउशवित्झची शेवटची मोठी हजेरी १७ जानेवारी १९४५ च्या संध्याकाळी झाली. आकडा ६७,०१२. सोव्हिएत फौजा जवळ आल्या होत्या. एसएसने कागद जाळायला आधीच सुरुवात केली होती. पुढच्या दिवसांत सुमारे ५६ हजार कैद्यांना बर्फातून पायी हाकत नेलं, जो मागे पडला त्याला गोळी.

लेव्हीला त्या वेळी स्कार्लेट फीवर झाला होता, म्हणून तो दवाखान्यात मागे राहिला. पहारेकरी गेले. घंटा नाही, बँड नाही, मोजणी नाही. खिडक्या फुटलेल्या, बाहेर गोठवणारी थंडी. लेव्ही आणि दोन फ्रेंच कैदी बाहेर पडले, कुठून तरी एक लोखंडी शेगडी ढकलगाडीवर घालून घेऊन आले, ती पेटवली. खोलीत ऊब आली. तेव्हा आजाऱ्यांपैकी एकाने सुचवलं की ज्या तिघांनी कष्ट केले त्यांना बाकीच्या प्रत्येकाने आपल्यातला पावाचा एकेक तुकडा द्यावा. सगळ्यांनी दिला. आदल्या दिवशीपर्यंत त्या छावणीत असं घडणं अशक्य होतं, असं लेव्ही नोंदवतो. आठ दिवसांनी, २७ तारखेला दुपारी, तो आणि त्याचा सोबती रात्री मेलेल्या एका आजाऱ्याला बाहेर बर्फात ठेवत होते, तेव्हा रशियन आले.